परीक्षेचा पेशंट

६ ऑक्टोबर

डेपोने निरोप देताना भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि ही डायरी. घड्याळ लेकीने नेलं, डायरी राहिली. नोकरीत रोज गाडी लावली की लॉगशीट भरायचो: फेऱ्या किती झाल्या, उशीर कुठे झाला, ब्रेकची तक्रार आहे का. आता ना गाडी, ना फेऱ्या. पण संध्याकाळ झाली की हात पेन शोधतो. म्हणून लिहितो.

आजची नोंद घेण्यासारखी गोष्ट एकच. हिने इंग्रजीचा क्लास लावला. ही म्हणजे माझी बायको. नाव घ्यायची सवय नाही, डायरीतही जमत नाहीये.

मी म्हटलं, "या वयात एबीसीडी?"

ही म्हणाली, "तुम्ही या वयात डायरी लिहायला लागलात, मी काही बोलले का?"

क्लास वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर भरतो. फुकट आहे. शिकवणाऱ्या बाई आधी शाळेत होत्या.

१५ ऑक्टोबर

ही भांडी घासताना म्हणते, "धिस इज माय अंब्रेला." दिवसभर अंब्रेला. छत्री आमच्याकडे एकच, तीही मोडकी.

क्लास ओस पडत चाललाय म्हणे. एक वॉचमन येतो, तो काल भर वर्गात उठून म्हणाला, "बाई, छत्रीला इंग्रजीत काय म्हणतात ते कळलं. पण त्याने मला दुसरी नोकरी कोण देणार?" सगळे हसले. बाई हसल्या नाहीत म्हणे. त्यांनी फळा पुसला आणि वर्ग लवकर सोडला.

लेकीचा फोन आला होता. अक्षर कळेल तर शपथ. कंपन्या बिल वेळेवर पाठवतात आणि आवाज असला पुसट देतात. शेवटी फोन हिच्याकडे दिला. हिला बरोबर कळतं. माय-लेकींचं काय, खुणेनेही कळतं.

३ नोव्हेंबर

बाईंनी क्लासची पाटीच बदलली. मधे आठवडाभर वर्ग बंद होता. तेव्हा त्या मोठ्या हॉस्पिटलात जाऊन बाकावर बसून राहिल्या होत्या. आजारी नव्हत्या. तिथली माणसं दिवसभरात काय काय बोलतात ते ऐकत होत्या. त्या हॉस्पिटलात कुठकुठली माणसं येतात. डॉक्टर एका भाषेचे, नर्स दुसरीच्या, पेशंट तिसरीचे. सगळ्यांची मधली भाषा इंग्रजी. बाईंनी ती वाक्यं उतरवून आणली आणि तिथल्या वरिष्ठांना पटवलं, की माझी माणसं तुमच्याकडे काम शिकतील, भाषा मी शिकवेन, दोन्हीची परीक्षा एकदमच घेऊ. पास होईल त्याला, जागा असली तर नोकरी.

आता अर्धा आठवडा वाचनालयात आणि अर्धा हॉस्पिटलात. कामं तीन: नावनोंदणीचा काउंटर, लॅब, आणि कान तपासायचा विभाग. वॉचमनने काउंटर घेतला. हिने कान.

मी म्हटलं, "काउंटर घ्यायचास की! बसून काम, डोक्यावर पंखा. कानात काय ठेवलंय?"

हिने माझ्याकडे नीट पाहिलं, काहीतरी म्हणाली आणि आत गेली. पाठ फिरवून बोलायची ही नवीनच सवय लागलीय हिला. समोरच्याला काय कळणार?

२० नोव्हेंबर

घरी सराव चालतो. पेशंट मी. खुर्चीत बसायचं आणि ही विचारते, "व्हिच इअर इज बेटर?" म्हणजे कुठल्या कानाने जास्त चांगलं ऐकू येतं. मी म्हटलं, दोन्ही फर्स्ट क्लास.

मग ही उठून आत गेली. मी आपला वाट बघत बसलो. बऱ्याच वेळाने सहज मान वळवली तर ही माझ्या डाव्या खांद्यामागेच उभी!

"दचकलो ना! तिथे काय करतेस?"

"काही नाही. सराव."

चेहरा मात्र सराव चांगला झाल्यासारखा नव्हता.

जेवायला अलीकडे ही माझ्या उजव्या हाताला बसते. आधी समोर बसायची. विचारलं तर म्हणे, इथे खिडकीचा उजेड चांगला येतो. रात्रीच्या जेवणाला खिडकीतून कसला उजेड येणार? पण नवीन काही शिकणाऱ्या माणसाला उगाच अडवू नये, म्हणून गप्प बसलो.

५ डिसेंबर

नळाखाली बादली लावून पेपर वाचत बसलो होतो. पाणी बाथरूममधून पॅसेजमध्ये, पॅसेजमधून थेट शेजारणीच्या दारात. तिने आमचं दार बडवलं म्हणे, कितीतरी वेळ. लोकांना वाढवून सांगायची हौस. बाथरूमचं दार जाड आहे आणि पेपरात मजकूरही लांबलचक होता.

ही क्लासहून आली, पदर खोचून सगळं पुसलं आणि एक शब्द बोलली नाही. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

१२ डिसेंबर

ही रडत घरी आली. आज पहिल्यांदा खरा पेशंट समोर होता, एक म्हातारे गृहस्थ. हिला त्यांना सांगायचं होतं की कानाला लावायचं यंत्र पुसते, जरा थांबा. ही म्हणाली, "आय विल क्लीन यू." म्हणजे मी तुम्हालाच पुसते! पडद्यामागे एक तरुण डॉक्टर होता, तो हसत सुटला. मग नर्स हसली. ते गृहस्थही हसले म्हणे.

"उद्यापासून जाणार नाही," म्हणाली. "शोभा करून घ्यायला कशाला जायचं?"

खरं लिहायचं तर क्षणभर मला बरं वाटलं. संध्याकाळी घर रिकामं असतं. चहा एकट्यानेच करून प्यायचा, भिंतीशी बोलायचं. ही घरी राहिली तर निदान दोन कप तरी होतील. पण मग ही अंधारात पलंगावर नुसतीच बसलेली दिसली, आणि तो बरेपणा गेला.

१३ डिसेंबर

हिला न सांगता वाचनालयात गेलो. बाईंना निरोप द्यायचा होता, की ही आता येणार नाही. वर्ग चालू होता म्हणून मागच्या बाकावर बसलो. बाई फारच हळू बोलतात. अशाने कोण कसं शिकत असेल? पण सगळे माना डोलवत होते, उत्तरं देत होते, मधेच हशाही पिकत होता. शेजारी तो वॉचमन, गणवेशातच आलेला. "प्लीज टेक अ टोकन" असं पुटपुटत होता. त्याचे ओठ दिसत होते म्हणून मला कळलं.

वर्ग सुटल्यावर मी ओळख सांगितली, तशा बाई माझ्या अगदी जवळ आल्या आणि ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "त्या कालच्या आजोबांनी जाताना काय विचारलं, ते तुमच्या मिसेसना कुणी सांगितलेलं दिसत नाही."

"काय विचारलं?"

"पुढच्या तारखेला त्याच बाई असतील ना? अहो, वाक्य चुकलं, ते मी दोन दिवसांत सुधारेन. पण त्या समोर बसून, तोंडाकडे बघून बोलल्या. बाकीचे सगळे फायलीकडे बघून बोलतात. ते मला शिकवता येत नाही."

मग म्हणाल्या, "आणि तुम्ही कधी येताय तपासायला?"

मी म्हटलं, "आज आलोच की. सगळं व्यवस्थित आहे, फक्त आवाज जरा वाढवा."

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. निरोप द्यायचा राहूनच गेला.

घरी येऊन हिला आजोबांचं सांगितलं. हिने उठून तोंड धुतलं आणि कणीक मळायला घेतली. थोड्या वेळाने परातीकडे बघत म्हणाली, "आय विल क्लीन द हेडफोन." दहा वेळा तरी म्हणाली असेल.

९ जानेवारी

हिला आता यंत्राची पुस्तिका वाचता येते. अडखळत, बोट ठेवून, पण वाचते. आज मला समजावून सांगत होती. कानाच्या आत शंखासारखं काहीतरी असतं आणि त्यात बारीक बारीक केस. मोठ्या आवाजाशेजारी वर्षानुवर्षं बसलं की ते केस आडवे होतात. परत उठत नाहीत.

"इंजिन तुमच्या कुठल्या बाजूला असायचं हो?" हिने मधेच विचारलं.

"डाव्या. का?"

"सहज."

मग मी हिला जुन्या गाड्यांबद्दल सगळं सांगितलं. इंजिनवरचं झाकण ढिलं असायचं, चढावर ते असं काही थडथडायचं की कंडक्टरशी खुणांनीच बोलावं लागायचं. जेवायला उतरलो तरी कानात गाडी चालूच. ही हनुवटीला हात लावून ऐकत होती. माझी नोकरी इतक्या आवडीने हिने कधी ऐकली नव्हती. फार छान गेली संध्याकाळ.

२ फेब्रुवारी

भांडण झालं. हॉस्पिटलच्या काउंटरवरच्या दोन बायका एकदम सोडून गेल्या, म्हणून तिथे माणसं हवी आहेत. परीक्षेचीही अट नाही, सोमवारी हजर व्हा म्हणतात. कानाच्या विभागात मात्र परीक्षा मार्चमध्ये. जागा एकच, आणि तीही मिळेल की नाही माहीत नाही. वॉचमन लगेच हो म्हणाला. ही नाही म्हणून आली!

मी म्हटलं, "समोर येऊन थांबलेली गाडी सोडायची आणि न येणाऱ्या गाडीची वाट बघत उभं राहायचं, हा कुठला शहाणपणा?"

"मला तिकडे जायचंच नाहीये."

"मग कुठे जायचंय?"

"मला जे येतं तिकडे. आणि तुम्ही पाऊल टाकणार नाही म्हणता तिकडे."

"मी कधी काय म्हटलं?"

"मागच्या वर्षी. डॉक्टरांचं नाव काढलं तेव्हा ताटावरून उठलात."

मला आठवेना. डॉक्टरांचा इथे काय संबंध? बायका भांडताना कुठलं कुठे नेतील सांगता येत नाही.

४ फेब्रुवारी

अबोला. घर इतकं शांत आहे, जसं कापूस भरून ठेवलंय.

लेक येऊन गेली. ती आणि जावई दोघंही तोंडातल्या तोंडात बोलतात. लग्नानंतर तिलाही ते लागलंय. निघताना माझा हात धरून जोरात म्हणाली, "बाबा, आईचं जरा ऐका."

"ऐकतोच आहे की," मी म्हटलं.

त्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. यात पाहण्यासारखं काय होतं?

१ मार्च

परीक्षेसाठी प्रत्येकाने घरून एक माणूस आणायचा आहे, पेशंट म्हणून. हिने विचारायच्या आधी बराच वेळ टेबल पुसलं.

"नुसतं बसायचंय. आवाज आला की बटण दाबायचं. एवढंच."

"येईन. पण आजारी माणूस म्हणून येणार नाही, आधीच सांगतो. तुझ्या परीक्षेसाठी येतोय."

"परीक्षा माझीच आहे," ही म्हणाली. "तुम्हाला कोण नापास करणार?"

फेब्रुवारीपासून आज पहिल्यांदा हसली.

११ मार्च

सविस्तर लिहितो.

एक छोटीशी खोली, भिंतींना राखाडी गादी लावलेली. दार एखाद्या शीतपेटीसारखं जाड. मधे काच. काचेपलीकडे यंत्रापाशी ही, निळा कोट घातलेली. तिच्या मागे कानाच्या मोठ्या डॉक्टरीणबाई, कागद घेऊन. कोपऱ्यात क्लासच्या बाई, भाषेचे गुण द्यायला. सगळं इंग्रजीत बोलायचं, असा नियम.

आधी ही आत येऊन माझ्यासमोर बसली आणि बोलायला लागली. घरी इतक्या वेळा ऐकलेलं, की मला शब्दन् शब्द कळला. हे कानाला लावते, आवाज कितीही बारीक असला तरी बटण दाबा, आधी उजवा. एकदाही अडखळली नाही. मला वाटलं, ही दुसरीच कोणीतरी आहे आणि माझी ओळख नाही.

ही काचेपलीकडे परतली आणि उजवा कान सुरू झाला. पीप पीप, लांबवर कुणी गाडी मागे घेतंय तसं. मी दाबत गेलो. सोपं होतं.

मग डावा. काहीच नाही. थांबलो. काचेतून हिचं बोट यंत्रावर दबलेलं दिसलं, मग हिने डोळे वर करून माझ्याकडे पाहिलं. काहीच नाही. पुन्हा बोट, पुन्हा डोळे. डॉक्टरीणबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. यंत्र बिघडलं! आणि या डॉक्टरीणबाई म्हणणार, हिला यंत्र चालवता येत नाही. सहा महिने पाण्यात.

मी आयुष्यभर आरशांत बघून गाडी हाकलेला माणूस. हिच्या बोटावर नजर ठेवली. बोट दबलं की मी बटण दाबायचं. दबलं, दाबलं. दबलं, दाबलं. डॉक्टरीणबाई मान डोलवायला लागल्या. छान चाललं होतं. मी मनात म्हटलं, घाबरू नकोस, मी आहे.

तेवढ्यात ही थांबली. काचेतून माझ्याकडे पाहिलं. तशीच पुढे गेली असती तर कुणाला काही कळलं नसतं. कागद भरला असता आणि आम्ही घरी गेलो असतो. ही मागे वळून डॉक्टरीणबाईंशी काहीतरी बोलली. मग ते जाड दार उघडलं.

उजव्या कानावरचं यंत्र बाजूला सरकवून ही हळूच म्हणाली, "यू आर लुकिंग अॅट माय हँड."

हँड एवढं मला कळतं. मी मान खाली घातली.

"प्लीज टर्न युवर चेअर," म्हणाली, आणि खुर्ची स्वतःच फिरवली. आता माझ्या समोर भिंत. हिचा हात माझ्या खांद्यावर होता. परीक्षेला लागेल त्याहून जास्त वेळ होता. "वुई विल स्टार्ट अगेन."

भिंतीकडे तोंड करून बसलो. बटणावर अंगठा ठेवून. काही येत नव्हतं. येत नव्हतं म्हणजे, तिकडून ही पाठवत होती, हे मला आता माहीत होतं. मधेच एकदा कुठेतरी डास गुणगुणल्यासारखं वाटलं. तो बाहेर होता की माझ्या डोक्यात, सांगता येणार नाही. दाबलं नाही. यंत्र बिघडलेलं नव्हतं. फोन कंपनीचंही काही चुकलं नव्हतं. लेक, जावई, क्लासच्या बाई, सगळी माणसं नीट बोलत होती. अंगठा तसाच ठेवून मी भिंतीतली बारीक भोकं बघत राहिलो.

नंतर हिने कागद माझ्यासमोर ठेवला आणि नियमाप्रमाणे इंग्रजीत समजावलं. लाल रेघ उजव्या कानाची, बऱ्यापैकी वरच्यावर चालली होती. निळी डाव्याची. ती घाटाच्या उतारासारखी खाली खाली गेली होती. हिच्या बोलण्यातलं "नॉट युवर फॉल्ट" तेवढं कळलं, कारण ते हिने दोनदा म्हटलं.

डॉक्टरीणबाई मराठीत बोलल्या, माझ्यासाठी मोठ्याने. "मला तर वाटलं यांना ऐकू येतंय. तुम्हाला कसं कळलं?"

"शेवटच्या वेळी नुसतं बोट हलवलं," ही म्हणाली. "आवाज सोडलाच नव्हता. तरी यांनी दाबलं."

डॉक्टरीणबाई खळखळून हसल्या. क्लासच्या बाई मात्र चष्मा काढून पुसत बसल्या.

१२ मार्च

काल हात दुखला म्हणून पुढचं राहिलं.

परत येताना रस्त्याने ही उजव्या बाजूने चालत होती. फुटपाथवर गर्दी होती, खांब मधे आला तरी वळसा घालून पुन्हा उजवीकडेच.

मी विचारलं, "माझ्यामुळे गुण गेले का?"

"उलट मिळाले."

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"क्लासच्या आधीपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते की. कितीदा. तुम्हाला ऐकूच आलं नाही."

मी थांबलो. ही पण थांबली. आणि मग आम्हाला दोघांनाही हसू आलं, असं की एका भाजीवाल्याने वजन करता करता मान वर केली. हसता हसता माझे डोळे भरले, ते हिने पाहिलं नसावं.

"म्हणजे क्लास माझ्यासाठी लावलास?"

"छे हो. क्लास मी माझ्यासाठी लावला. मला घरात बसून कंटाळा आला होता. कानाचा विभाग तुमच्यासाठी घेतला." दोन पावलं चालून म्हणाली, "आणि आता मलाच आवडायला लागलाय. तुम्ही नाही म्हणालात तरी मी तिथेच राहणार."

मी नाही म्हणालो नाही.

२४ मार्च

जागा हिला मिळाली.

१७ एप्रिल

आज माझी तारीख होती, कानाचं यंत्र बसवून घ्यायची. सकाळी ही माझ्या आधी निघून गेली, कारण हिची ड्यूटी. मी एकटाच गेलो. काउंटरवर तो वॉचमन, आता शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावून. ओळख असून मला म्हणाला, "मे आय हॅव युवर नेम, सर?" मी नाव सांगितलं. "प्लीज टेक अ टोकन," म्हणाला आणि मग डोळा मारला.

आत बाकावर बसलो. काचेच्या दारातून ही दिसत होती. एका म्हातारीसमोर खुर्ची ओढून, तिच्या तोंडाकडे बघत काहीतरी सांगत होती. मधेच अडली, मागच्या नर्सला एक शब्द विचारला आणि पुन्हा सुरू झाली. कुणी हसलं नाही.

शेजारी माझ्याच वयाचा एक गृहस्थ. घुश्श्यात. मला म्हणाला, "मला काहीही झालेलं नाही. सुनेच्या हट्टापायी आलोय. हल्लीचे लोक नीट बोलतच नाहीत, त्याला मी काय करणार?"

"खरं आहे," मी म्हटलं. "पण आत गेलात की भिंतीकडे तोंड करून बसा. त्या निळ्या कोटातल्या बाईंच्या हाताकडे बघू नका. त्यांना लगेच कळतं."

त्याने कपाळाला आठ्या घातल्या. "काय म्हणालात?"

मी बाकावरून उठलो, वळसा घालून त्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसलो, आणि पुन्हा सांगितलं.